मुलगा वाचला, भाऊ गेला. मागचे उपकार आता कसे आठवू?

पत्र:

मावशी, सलाम. मी श्रीरामपूरजवळच्या एका गावात राहते. वय 43. सात वर्षांपूर्वी माझ्या मुलाला डेंग्यू झाला, तेव्हा तो आठ वर्षांचा होता. प्लेटलेट पेशी 14 हजारांवर आल्या होत्या. आमच्या चर्चच्या मंडळीनं रात्रभर आळीपाळीनं साखळी प्रार्थना केली, आम्ही घरच्यांनी उपास धरला आणि तिसऱ्या दिवशी पेशी वाढायला लागल्या. त्या वर्षी हंगामाच्या उपकारस्तुतीला, म्हणजे पिकासाठी देवाचे आभार मानायच्या उपासनेला, मी उभी राहून साक्ष दिली, देवानं काय केलं ते सांगितलं. तेव्हापासून एक वही ठेवली. प्रभूनं जे जे केलं ते तारीख घालून लिहायचं.

यंदा फेब्रुवारीत माझा धाकटा भाऊ आजारी पडला. लिव्हरचं दुखणं. 18 दिवस आयसीयूत होता. तीच मंडळी, तीच साखळी प्रार्थना, तसाच उपास. तो गेला. 36 वर्षांचा होता. मागे दोन लहान मुली आहेत.

आता रविवारी पाळकसाहेब म्हणतात, मागचे उपकार आठवा म्हणजे विश्वास वाढेल. मी आठवते, तर राग वाढतो. तेव्हा केलंस, मग आता का नाही? वही ट्रंकेत तळाशी टाकून दिली. मंडळीतल्या एक बाई म्हणाल्या, तुमच्या विश्वासात कुठंतरी कमी पडलं असणार. मुलगा आता पंधरा वर्षांचा आहे. मामाविषयी तो अवाक्षर काढत नाही आणि तरुण संघालाही जायचा थांबला आहे. रात्री मला तीनला जाग येते ती येतेच. त्यात महिला मंडळानं यंदाच्या हंगामाला पुन्हा साक्ष द्यायला सांगितलंय. काय सांगू? माझा विश्वास गेला का?

उत्तर:

प्रिय लेकी, सलाम.

तू मावशी म्हणालीस, म्हणून मी तुला ‘तू’च म्हणते. तुझं पत्र आलं त्या दिवशी उत्तर लिहायला बसले नाही. बसले असते तर सगळं त्या बाईंवरच्या रागातून उतरलं असतं. तेवढं आधी बोलून टाकते. तुझ्या विश्वासात कमी पडलं म्हणून तुझा भाऊ गेला, हे खोटं आहे. जन्मापासून आंधळ्या माणसाकडे बघून शिष्यांनी प्रभूला विचारलं होतं, पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापाचं? प्रभूनं दोन्ही उत्तरं नाकारली. तो प्रश्न आपल्याकडे अजून घरोघरी विचारला जातो, आणि तोही मयताच्या घरी चटईवर बसून, चहा पिता पिता. त्या बाईंनाही कदाचित भीती वाटली असेल. दुसऱ्याच्या घरातल्या मरणाचं कारण सापडलं की आपल्या घराला कडी लावल्यासारखं वाटतं. त्यांना माफ कर. त्यांचं वाक्य मात्र घरात ठेवू नकोस.

आता तुझा खरा प्रश्न. तेव्हा केलंस, मग आता का नाही?

शास्त्रातला, म्हणजे बायबलातला, प्रेषितांच्या कृत्यांचा बारावा अध्याय काढ. आपण तो संडे स्कूलपासून ऐकलाय. प्रभूचा शिष्य पेत्र तुरुंगात, दोन शिपायांच्या मध्ये साखळ्यांनी बांधलेला, मंडळी एकाग्रतेनं प्रार्थना करते, दूत येतो, साखळ्या गळून पडतात. मग पेत्र दार ठोठावतो आणि रोदा नावाची मुलगी आनंदाच्या भरात दार न उघडताच आत पळते. मुलांना ही गोष्ट फार आवडते. पण त्या अध्यायाचं दुसरं वचन आपण झटकन ओलांडून पुढे जातो. हेरोद राजानं योहानाचा भाऊ याकोब याला तलवारीनं मारलं. एवढंच. एका वाक्यात एक प्रेषित गेला. त्याच शहरातला, त्याच मंडळीतला, प्रभूनं स्वतः निवडलेल्या बारांमधला. मंडळीनं पेत्रासाठी प्रार्थना केली तशी याकोबासाठी केली नसेल, असं कोण म्हणेल?

मी तो अध्याय वाचते तेव्हा मला याकोबाची आई आठवते, जब्दीची बायको. मत्तय सांगतो की प्रभू वधस्तंभावर असताना दुरून पाहणाऱ्या बायकांतही ती होती. पेत्र सुटून आला त्या रात्री ती कुठे असेल? त्या घरात प्रार्थनेला बसली असेल का? बसली असेल आणि रोदा ओरडत आली असेल, तर तिच्या पोटात काय कालवलं असेल? हे पुस्तक लिहिणाऱ्या लूकनं ते लिहिलं नाही. एकाला सोडवलं आणि एकाला नाही, याचं कारणही त्यानं दिलेलं नाही. दोन्ही गोष्टी एकाच अध्यायात, दहा-बारा ओळींच्या अंतरानं ठेवल्या आणि तो पुढे गेला. याकोबाचं मरण वगळलं असतं तर गोष्ट अधिक उठावदार झाली असती, पण त्यानं वगळलं नाही. तुझ्या घरात आज बारावा अध्याय चालू आहे, लेकी, दोन्ही वचनांसकट. ‘का’चं उत्तर माझ्याजवळ नाही. ज्यांच्याजवळ ते तयार असतं त्यांच्यापासून थोडी लांब राहा.

पण तुझ्या पत्रात एक गोष्ट आहे, ती तुझ्या लक्षात आलेली दिसत नाही. तू लिहिलंस, ‘तेव्हा केलंस, मग आता का नाही?’ ‘तेव्हा झालं’ असं लिहिलं नाहीस. ‘केलंस’ लिहिलंस. हे वाक्य मला उद्देशून नाही, पाळकसाहेबांनाही नाही. पत्र मला लिहिता लिहिता मध्येच तू मान वळवून देवाशी बोललीस. आणि नेमकं असंच बोलणं शास्त्रात आहे. बाविसावं स्तोत्र काढ. ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ हे पहिलं वाक्य सगळ्यांना पाठ असतं. पुढचं वाच. दोन-तीन वचनांनंतर स्तोत्रकर्ता म्हणतो, आमच्या वाडवडिलांनी तुझ्यावर भाव ठेवला, तुझा धावा केला, तू त्यांना सोडवलंस, ते फजीत झाले नाहीत. आणि लगेच पुढे: मी तर किडा आहे, माणूस नव्हे.

पाहिलंस काय झालं ते? त्यानं मागचे उपकार आठवले आणि आठवल्यामुळं त्याला अधिकच लागलं. त्यांना सोडवलंस, मग मला का नाही? तुला रात्री तीनला जे होतं तेच. आणि हे स्तोत्र प्रभू येशूनं वधस्तंभावर तोंडी घेतलं. तेव्हा ज्या आठवणीनं राग येतो ती आठवण विश्वासाच्या बाहेरची आहे, असं मला कोणी सांगितलं तर मी ऐकून घेणार नाही. त्याच स्तोत्रात पुढे स्तुतीही आहे, तेही खरं. पण तिथं पोहोचायला किती वेळ लागला हे लिहिलेलं नाही, आणि आपण तुझ्यासारख्या माणसाला दफनविधीच्या दुसऱ्याच आठवड्यात शेवटच्या वचनांवर नेऊन बसवतो.

दोष आमचा आहे, तुझा नाही. आम्ही म्हणजे व्यासपीठावरून बोलणारे, महिला सभा घेणारे, सदरं लिहिणारे. साक्ष म्हणजे संकट आलं, प्रार्थना केली, संकट गेलं, एवढंच आम्ही वर्षानुवर्षं लोकांपुढे ठेवलं. ज्याचं संकट गेलं नाही त्याला साक्षीच्या वेळी कोणी उभं केलं नाही. मग लोकांनी काय समजायचं? मागचे उपकार म्हणजे पावत्या, आणि पावती दाखवली की पुढचा माल मिळतो. विश्वास असा चालत नाही आणि शास्त्रानं तसं कधी शिकवलेलं नाही.

एबन-एजरची गोष्ट तुला माहीत आहे. शमुवेल संदेष्ट्यानं मिस्पा आणि शेन या गावांमध्ये धोंडा उभा केला, त्याला ‘साहाय्याचा धोंडा’ असं नाव दिलं आणि म्हणाला, येथवर परमेश्वरानं साहाय्य केलं. आपल्याकडे कितीतरी घरांच्या दारावर हे नाव असतं, ‘एबनेझर’ म्हणून. वर्षाच्या शेवटच्या रात्रीच्या उपासनेला हेच वचन घेतात. पण हे नाव शास्त्रात पहिल्यांदा तिथं येत नाही. तीन अध्याय मागं जा, पहिल्या शमुवेलाच्या चौथ्या अध्यायात. तिथं इस्राएलाची छावणी एबन-एजर इथंच पडली आहे, आणि तिथं ते पलिष्ट्यांकडून हरले. आधी चार हजार माणसं पडली. मग वडील मंडळी म्हणाली, शिलोहून कराराचा कोश, देवाच्या आज्ञांच्या पाट्यांची ती पवित्र पेटी, आणू. कोश आला तेव्हा त्यांनी एवढा जयघोष केला की भूमी दणाणली. त्यांना काय आठवत असेल? यरीहो आठवत असेल. कोश फिरवला होता, तट पडला होता. मागे झालं, आताही होईल. आणि त्या दिवशी तीस हजार पडले, कोश पलिष्ट्यांनी नेला, याजक एलीची दोन्ही मुलं मेली, बातमी ऐकून म्हातारा एली मागं पडून मेला, आणि त्याच्या सुनेनं मरता मरता बाळाचं नाव ठेवलं ईखाबोद, म्हणजे वैभव गेलं.

हे मी तुला दोष द्यायला सांगत नाही. तुमची साखळी प्रार्थना म्हणजे त्यांचा कोश, असं मी चुकूनही म्हणणार नाही. तुम्ही प्रेमानं प्रार्थना केलीत आणि ती व्यर्थ गेली असं मी मानत नाही. 18 दिवस तुझा भाऊ त्या प्रार्थनेत गुंडाळलेला होता. मला दाखवायचंय ते वेगळंच. शमुवेलानं तो धोंडा उभा केला तेव्हा हे नाव त्याला माहीत होतं. ऐकणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं. त्या नावाबरोबर त्यांना बापाचं, भावाचं प्रेत आठवत होतं. जागा तीच होती की दुसरी, यावर अभ्यासक बोलत राहोत, नाव तेच होतं. दोन्हींच्या मध्ये वीस वर्षांहून जास्त काळ गेला होता, आणि शास्त्र म्हणतं त्या काळात लोक परमेश्वराकडे शोक करत होते. शमुवेलाला नवं, स्वच्छ, विजयाचं नाव देता आलं असतं. त्यानं हरल्याचं नाव उचललं. तेव्हा त्याच्या ‘येथवर’मध्ये ते तीस हजारही आहेत, असं मी समजते.

आता माझ्या घरातलं सांगते. माझ्या आजीचं शास्त्र माझ्याजवळ आहे. काळं कव्हर, कणा दोनदा दाभणानं शिवलेला. पुढच्या कोऱ्या पानावर घरातले जन्म, बाप्तिस्मे, लग्नं, जुन्या ख्रिस्ती घरांतून असतात तशी. पण मागच्या कोऱ्या पानावर तिनं आपलं आपलं काहीतरी लिहिलंय. तिची शाळा चौथीपर्यंत झालेली, अक्षर मोठं आणि डावीकडे कललेलं. ‘1972. विहीर आटली. सगळे खडी फोडायला. पोरांना सुकडी मिळाली. येथवर.’ पुढच्या वर्षी, ‘पाऊस. येथवर.’ ‘थोरल्याला शाळेत नोकरी. येथवर.’ अशा चौदा ओळी आहेत. मधली एक ओळ अशी: ‘धाकटा गेला. गुरुवार.’ पुढे काही नाही. ‘येथवर’ नाही, तारीखही पुरती नाही, नुसता वार. त्या ओळीपुढं तिनं जागा सोडलीय, आणि ती जागा तशीच राहिली. त्यानंतर ती चाळीस वर्षं जगली. ते शास्त्र रोज रात्री तिच्या मांडीवर उघडलं जायचं. तिनं कधीही ती जागा भरली नाही.

लहानपणी मला वाटायचं, आजी लिहायला विसरली. आता मी तिच्या तेव्हाच्या वयाची झालेय आणि मला माहीत आहे की ती विसरली नव्हती. तिला तिथं तो शब्द खरेपणानं लिहिता आला नाही, म्हणून तिनं लिहिला नाही. पण ती ओळ तिनं वेगळ्या कागदावर नेली नाही. विहीर, पाऊस, नोकरी आणि धाकटा, सगळं एका पानावर, एका देवापुढं ठेवलं. मला विश्वास कोणी शिकवला असं कोणी विचारलं तर मी त्या मोकळ्या जागेकडं बोट दाखवीन.

म्हणून तुझ्या वहीविषयी माझं म्हणणं असं. घाई नाही. ट्रंकेत राहू दे. पण ज्या दिवशी काढशील त्या दिवशी तुझ्या भावाचं नाव तिच्यात लिही. तुझ्या वहीत आजवर सुटका झाल्याच्याच नोंदी आहेत, असं मला तुझ्या पत्रावरून वाटतं, आणि म्हणूनच ती तुला आता खोटी वाटायला लागलीय. तिच्यात त्याचं नाव आलं की ती खरी होईल. नाव लिही, तारीख लिही. पुढे लिहायला काही सुचलं नाही तर जागा सोड. रागाचं वाक्य सुचलं तर तेच लिही, ‘तेव्हा केलंस, आता का नाही’ हेच लिही. तो वाचतो.

आणि नंतर कधीतरी, मी तारीख सांगत नाही, त्याची 36 वर्षं लिही. तुझ्या पत्रात तो 18 दिवसांचा आहे, आयसीयूतला. तो पाळण्यात असताना तू सात वर्षांची होतीस, तू त्याला कडेवर घेऊन फिरली असशील. त्याला कुणी शाळेत सोडलं, पहिल्या पगारात त्यानं तुला काय आणलं, राखीला की भाऊबीजेला की नाताळाला तो तुझ्या दारात कसा उभा राहायचा. सुटका झाली एवढाच उपकार असतो का? तो मुळात होता, हाही उपकारच आहे. आज हे वाचून तुला रडू येईल, म्हणून आज नको.

हे त्याच्या मुलींसाठीही हवं. पंडिता रमाबाईंची गोष्ट आपण अभिमानानं सांगतो, पण बऱ्याचदा अर्धीच सांगतो. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात काही महिन्यांच्या आत वडील, आई आणि बहीण गेली. राहिले रमा आणि भाऊ श्रीनिवास. दोघं पायी देशभर फिरले. झेलम नदीच्या काठी थंडीत पांघरायला नव्हतं, तर दोघांनी वाळूत थडग्यासारखे खड्डे खणले, त्यात निजले आणि डोकं तेवढं बाहेर ठेवून अंगावर कोरडी वाळू ओढून घेतली. तोच भाऊ 1880 मध्ये गेला. दोन वर्षांनी नवराही गेला. ख्रिस्ताकडे त्या आल्या ते त्यानंतर, 1883 मध्ये. पुढे आपली साक्ष लिहिताना रमाबाईंनी भुकेचे ते दिवस गाळले नाहीत. आणि 1896-97 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या स्वतः तिकडे गेल्या आणि उपाशी, अनाथ मुलींना घेऊन आल्या. केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिलं ते त्या मुलींमुळं. रमाबाईंना आपली भूक आठवत होती, म्हणून त्यांना घरी बसवेना.

‘देवानं मला दुष्काळातून वाचवलं’ एवढंच त्यांनी आठवलं असतं तर ते अर्धं सत्य झालं असतं, कारण आईवडील वाचले नव्हते. त्यांनी सगळं आठवलं आणि ती आठवण त्यांना रस्त्यावरच्या पोरींपर्यंत घेऊन गेली. 1921 मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा त्यांच्याआधी गेली. रमाबाई तेव्हा शास्त्राच्या मराठी भाषांतरात गढलेल्या होत्या, आणि पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये त्याही गेल्या. मुलीच्या मरणानंतर त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मी तुला सांगू शकत नाही. त्यांनी काम खाली ठेवलं नाही, एवढं मात्र सगळ्यांनी पाहिलं.

तुला केडगाव उभारायचं नाही. तुला दोन भाच्या आहेत. त्या लहान आहेत, त्यांना बाप फार आठवणार नाही. त्यांच्यासाठी तो आठवून ठेवणारी तू आहेस. महिन्यातून एक रविवार त्यांना घरी आण, जेवू घाल आणि त्यांच्या बापाची एक गोष्ट सांग. एकच, मोठी नको.

आता तुझ्या मुलाविषयी. तुझ्या पत्रातली सगळ्यात काळजीची ओळ मला तीच वाटली, आणि तू ती दीड वाक्यात आटपलीस. पंधरा वर्षांचा मुलगा. लहानपणापासून त्यानं ऐकलंय की मंडळीनं प्रार्थना केली आणि हा वाचला. दर हंगामाला कोणी ना कोणी त्याच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणत असेल, हा आपला चमत्काराचा मुलगा. आणि आता मामा गेला. त्याच्या मनात काय चाललं असेल? मी का, मामा का नाही? मी वाचलो म्हणून मामाच्या वाट्याचं संपलं का? मुलं असा हिशोब करतात आणि कोणाला सांगत नाहीत. माझा अंदाज चुकीचाही असेल, पण तू विचारून बघ. समोरासमोर बसवून नको. गाडीवर मागं बसव किंवा शेंगा सोलायला बरोबर घे, आणि आधी तू तुझं सांग. ‘मला मामाचा राग येतो, देवाचाही येतो’ हे आईच्या तोंडून ऐकलं की त्याचं तोंड उघडेल.

यहोशवाच्या चौथ्या अध्यायात बारा धोंडे आहेत ना, इस्राएल लोकांनी यार्देन नदी पार करताना तिच्या मधून उचलून गिलगालात रचलेले. तिथं म्हटलंय, पुढे तुमची मुलं विचारतील, या धोंड्यांचा अर्थ काय? ते धोंडे काठावरचे नव्हते. याजक जिथं पाय रोवून उभे होते त्या नदीच्या तळातले होते, आणि तो दिवस कापणीचा, नदीला पूर आलेला. तुझ्या मुलाला काठावरचा गुळगुळीत धोंडा दाखवू नकोस. तळातला दाखव. त्याला सांग की तो वाचला तेव्हा आम्ही फार घाबरलो होतो. मामाच्या वेळीही घाबरलो होतो, दोन्ही वेळी त्याच देवाला हाक मारली आणि दुसऱ्या वेळचं आम्हाला अजून कळलेलं नाही. ‘अजून कळलं नाही’ हे आईनं मुलाला सांगण्यात कमीपणा नाही.

हंगामाच्या साक्षीचं सोपं आहे. देऊ नकोस. महिला मंडळाच्या चिटणीस बाईंना एवढंच सांग, यंदा मी बोलणार नाही, मागं बसून ऐकेन. कारण विचारलं तर सांगायला तू बांधील नाहीस. आणि त्या दिवशी सकाळी उठून वाटलंच की जावं, तर दोन पायल्या बाजरी, गवार, शेवग्याच्या शेंगा, घरात असेल ते वेदीपुढं ठेवून ये. तीही उपकारस्तुतीच आहे, तिला माईक लागत नाही. दुसरे गातील तेव्हा तुला गाता आलं नाही तर गाऊ नकोस. मंडळी असते ती यासाठी. तू आठवू शकत नाहीस तेव्हा ते तुझ्या वतीनं आठवतात. तू पुष्कळ वर्षं दुसऱ्यांच्या वतीनं गायलीस, आता काही दिवस त्यांना तुझ्यासाठी गाऊ दे. प्रभुभोजनाला मात्र येत राहा, जमेल तसं. ‘माझ्या स्मरणार्थ हे करा’ हे त्यानं धरून दिलं गेलं त्या रात्री सांगितलं, सगळं नीट झाल्यावर नाही. भाकर हातावर घेताना काही वाटलं नाही तरी घे. वाटण्याची अट त्यानं घातलेली नाही.

तीनला जाग येते म्हणालीस. दोन आठवडे असंच चाललं, जेवण जाईना, कामात लक्ष लागेना, तर डॉक्टरांकडे जा, आणि लाजू नकोस. सात वर्षांपूर्वी मुलाच्या पेशी कमी झाल्या तेव्हा तू प्रार्थनाही केलीस आणि सलाइनही लावलंस. दुःखालाही ते दोन्ही चालतं. जाग आली आणि झोप येईना, तर 77 वं स्तोत्र उशाशी ठेव. तेही रात्री जागलेल्या माणसाचंच आहे. तो विचारतो, देव दया करायला विसरला का? मग तो जुन्या गोष्टी आठवायला लागतो, समुद्रातून वाट काढली ती आठवतो, आणि म्हणतो की तुझ्या पावलांचा माग कोणाला दिसला नाही. वाट होती, चालणारे पार झाले, पण पाऊल कुठं पडलं ते पाण्याखाली राहिलं. मला हे वचन समजायला पुष्कळ वर्षं लागली, आणि अजूनही पूर्ण समजलंय असं नाही. पण रात्री वाचायला ते चांगलं आहे.

तुझा विश्वास गेला का, असं तू विचारलंस. मला तुझ्या पत्रात तो जागोजाग दिसतोय, सुजलेला, दुखरा. त्याला आत्ता ओझं उचलायला लावू नकोस.

भावाचं नाव मला कळव. माझ्या आजीच्या शास्त्राच्या त्या मागच्या पानाचा खालचा भाग अजून कोरा आहे. तिथं लिहीन, पुढं जागा सोडीन, आणि रविवारच्या प्रार्थनेत तुम्हा सगळ्यांना नावानं आठवीन. मुलगा काय म्हणाला तेही लिही. उशिरा लिहिलंस तरी चालेल.

तुझी मावशी